एडका एका पानावर, जिजा दुसऱ्या पानावर

५ जानेवारी, सोमवार

सव्वाआठला वाचनालय उघडलं. अण्णा पायरीवर बसलेलेच. मास्तरकीतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी शाळा भरल्यासारखे येतात. पेपरचा गठ्ठा सोडला. मोठे पेपर हॉलमधल्या स्टँडवर, पुरवण्या काढून आतल्या बायकांच्या टेबलावर. रोजच्याप्रमाणं. बायकांची वेळ दुपारी दोन ते चार. निम्मं शिरूर ऊसतोडीला गेलंय, तरी सात-आठजणी येतातच.

जिल्हा पानावर आपल्याकडची बातमी. सिरसाळ्याच्या बाजारात जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं आपल्या गावचा एडका पहिला आला. 'मेंढपाळ भगवान यांच्या एडक्याला पहिला मान'. फोटोत फेटा बांधलेला भगवान, हातात ढाल. एडक्याची नुसती शिंगं आलीत.

अण्णा म्हणाले, "नाव काढलं पोरानं."

भगवान म्हणजे वस्तीवरच्या जिजाचा नवरा. तो दिवाळीपासून कारखान्याकडं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. मग एडका कधी सांभाळला त्यानं, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात चहा आला, राहिलं.

९ जानेवारी, शुक्रवार

महिला पुरवणी. संक्रांत विशेष. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तीन तऱ्हेच्या तिळाच्या वड्या. आणि तिसऱ्या पानावर चक्क जिजा. डोक्यावर पदर, कडेवर कोकरू, हसतीय. 'संसाराचा गाडा ओढणारी मेंढपाळ लक्ष्मी'. पहाटे उठून सडा-सारवण, गोल गरगरीत भाकऱ्या, पोरींच्या वेण्या, मग रान. हिरव्या बांगड्यांची किणकिण. पतीची खंबीर साथ. शेवटच्या ओळीत, पतीला नुकतंच प्रदर्शनात बक्षीस मिळालं.

वाचून छान वाटलं. खोटं कशाला लिहू. कात्रण ठेवलं कापून.

१२ जानेवारी, सोमवार

आज शेतीच्या पानावर परत तोच एडका. ह्या वेळी शेपटीसकट अख्खा. वजन, उंची, खुराक, लस कधी टोचायची, पैदाशीचा एडका कसा निवडावा. 'पशुपालकाने अशी काळजी घ्यावी', 'पशुपालकाने तसे करावे'. हा पशुपालक कोण, त्याचा पत्ता नाही.

तिन्ही कात्रणं शेजारी मांडली. पेपर एक, एडका एक, घर एक. वाचताना तीन वेगळी घरं वाटतात.

१३ जानेवारी, मंगळवार

दुपारी जिजा आली. दारात चपला काढून उभी. "मंदाबाई, माझं पेपरात आलंय म्हणत्यात. वाचून दावता का?" तिला अक्षरं लागतात, पण जोडायला वेळ लागतो.

तिन्ही वाचली, मोठ्यानं. रेखा शिवणवाली, बाकीच्या सगळ्या गोळा झाल्या. जिजानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली,

"म्हंजी जितं एडका हाय तितं मी न्हाई, अन् जितं मी हाय तितं एडका न्हाई."

सगळ्या हसल्या. तीही हसली. "अन् भाकरी गोल कुणी सांगितली त्याला? माझी भाकरी लई वाकडी. सासूला इचारा. कोकरू कडंवर घेतंय व्हय कोणी? त्या पेपरवाल्यानं दिलं उचलून, म्हणला हसा."

मग पिशवीतून घडी घातलेला फॉर्म काढला. मेंढपाळांची एक संस्था आहे. ती दर तालुक्यातून एकाला राजस्थानात मेंढ्यांच्या फार्मवर महिनाभर शिकायला पाठवते. येऊन इथं बाकीच्यांना शिकवायचं. फॉर्मला पुरावा जोडायचा, की आपण स्वतः मेंढ्या पाळतो. पेपरचं कात्रण चालतं. मुदत फेब्रुवारीअखेर.

जिजा तिथल्या माणसाला भेटून आलेली. त्याच्याकडं पेपर होतेच; पुरवणी बघून तो म्हणाला, ताई, ह्यात संसाराचं हाय, मेंढ्यांचं काय हाय? जिल्हा पानाचं बघून म्हणाला, हे तर भगवानचं हाय, मग भगवानलाच पाठवा.

"भगवान चांगला हाय," जिजा म्हणाली. "पर त्याला आजारी मेंढी मेल्यावरच कळती."

कालच चकलांब्याहून एकजण कोकरं बघायला आला. जिजा मेंढरांच्या वाड्यात उभी, हातात काठी. तिलाच विचारतो, मालक हायती का? ती म्हणाली, न्हाईत. तो गेला परत.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत, वाचनालय बंद. घरी वाण, हळदीकुंकू. पण डोक्यात एकच.

एकोणीस वर्षं मी सकाळी पेपर सोडते आणि पुरवणी काढून आत नेते. असं करा म्हणून कुणी सांगितलं? आठवून पाहिलं. कमिटीनं नाही. अध्यक्षांनी नाही. कामावर आले त्या पहिल्या आठवड्यात एका सभासदानं पुरवणी काढून माझ्यापुढं सरकवली, "घ्या, हे तुमचं." तेवढंच. तेव्हापासून मीच सरकवतेय सगळ्यांना.

पेपरवाल्याला नावं ठेवत होते आठवडाभर.

१६ जानेवारी, शुक्रवार

पुरवणी काढली नाही. मोठ्या पेपराच्या पोटात तशीच ठेवून स्टँडवर. आणि एक अख्खा पेपर आतल्या टेबलावर.

अण्णा पान उलटता उलटता थबकले. "मंदाबाई, हे बायकांचं इथं राहिलं."

"राहिलं नाही, ठेवलंय."

"कावून?"

"पेपरात आलंय म्हणून."

अण्णांनी पुरवणी बाजूला ठेवली. साडेनऊला बघते तर चष्मा कपाळावर ढकलून गुडघेदुखीवरचा लेख वाचतायत. मी पुस्तकांची धूळ झटकत राहिले.

दुपारी आत गोंधळच. मोठ्या पेपरावर चौघीजणी वाकलेल्या. रेखानं बाजारभाव वाचले, कापसावरून दोघींची जुंपली. एकीनं जिल्हा परिषदेची अख्खी बातमी मोठ्यानं वाचून काढली आणि म्हणाली, ह्यात माझ्या दिराचं नाव हाय, घरी कुणी बोललंच न्हाई. पावणेपाचपर्यंत कुणी उठेना. दार लावायला मलाच उठवावं लागलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

रेखानं जिल्हा पान घेतलं. कारखान्याच्या नव्या चेअरमनची बातमी होती. ती पुरवणीच्या भाषेत वाचायला लागली. "पांढऱ्याशुभ्र कपड्यात खुलून दिसणारे आपले लाडके चेअरमन. पहाटे उठून चहा टाकतात, मुलांचे डबे भरतात, आणि मगच कारखान्याकडे वळतात. पत्नीच्या खंबीर साथीमुळेच..."

पुढं वाचता येईना तिला. मग प्रत्येकीनं एकेक पुढारी घेतला. एक आमदार घर सांभाळून सभागृह गाजवायला लागले. एका ठेकेदाराचा हसतमुख स्वभाव निघाला. एका सभापतींच्या हाताला काय चव, म्हणे.

जिजा आलेली. तिनं उलटं केलं. पुरवणीतल्या रांगोळीवाल्या बाईला जिल्हा पानाच्या भाषेत सांगितलं. "रांगोळीसम्राट. अमुक गावच्या. कार्यकर्त्यांचा जल्लोष, फटाके." आणि उभी राहून हात जोडले, चारी दिशांना, गाडीच्या टपावर उभं राहतात तसे.

हॉलमधून आवाज आला. बघते तर अण्णा. दुपारी कधी येत नाहीत, आज चष्मा विसरला म्हणून आलेले. दाराच्या चौकटीला धरून हसतायत. डोळे पुसत म्हणाले, "आता माझं वाचा. मला कुणी पेपरात घातलंच न्हाई."

२७ जानेवारी, मंगळवार

सचिनला गाठलं. आपल्या पेपरचा तालुक्याचा वार्ताहर, एसटी स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिशीचा असेल. वाटलं होतं वाद घालेल. त्यानं मशीन बंद केलं, स्टूल दिलं.

"मॅडम, एडक्याची नोंद भगवानच्या नावानं होती. यादी आली, तशी बातमी दिली. जिल्हा पानाला जागा चौदा ओळी. पुरवणीवाल्या म्हणल्या, प्रेरणादायी पाहिजे, घरगुती पाहिजे. शेतीवाल्यांना नुसती माहिती पाहिजे, माणूस नको. मी तीनदा लिहिलं, तिघांना पाहिजे तसं दिलं."

"आणि बांगड्यांची किणकिण?"

जरा लाजला. "ती माझीच. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या होत्या."

मग आपण होऊनच म्हणाला, "परत करू. पण लिवा तुमी. माझा हात आता तसाच पडतो."

मी? ह्या वहीपलीकडं काही लिहिलं नाही कधी. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, लिही की, एकोणीस वर्षं दुसऱ्यांचंच वाचतीयेस. आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

१ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सकाळपासून जिजाच्या मेंढरांमागं. सचिन सोबत, नव्या बुटात. दहा वाजता त्याच्या टाचेला फोड आला, मग तो अनवाणी.

एडक्याचं नाव सरदार. जवळून बघितला तर बातमीपेक्षा पुष्कळ मोठा. डोळा पिवळसर, नजर ओळखीच्या माणसासारखी.

जिजा चालता चालता सांगत होती. मी लिहून घेत होते, पेन धरायला थांबले की ती पुढं गेलेली. एडका निवडताना आधी त्याची आई बघायची. आईला दूध किती, कोकरं किती जगवली. मग दात. ओठ वर करून दाखवले तिनं, सरदार निमूट उभा. मेंढी दातांनी चारा कसा तोडते, वाकडे असले तर दुष्काळात सगळ्यात आधी कोण मरतं. लोकर बोटांत धरून सांगते, गेला महिना पोटाला मिळालं की नाही.

"कुणी शिकवलं?"

"बापानं. बाप माझ्या भावाला सांगायचा, मी ऐकायची. भाऊ पुण्याला गेला, वॉचमन हाय. ऐकलेलं माझ्यापाशी राहिलं."

दुपारी बाभळीखाली जेवलो. भाकरी खरोखर वाकडी होती. सचिननं फोटो काढला: जिजा सरदारचा ओठ वर करून दात दाखवतीय, दोघांची तोंडं एका उंचीवर. तिनं पदर नीट करायला हात उचलला, मग म्हणाली, राहू द्या, ओठ सुटंल हातातनं.

एवढं चालले नव्हते कित्येक वर्षांत. पाय दुखतायत. झोप मस्त येणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून झालं. तीन वेळा फाडलं. पहिल्या वेळी मी पण 'पहाटे उठून' असंच सुरू केलं होतं. हात कसा सरळ तिकडंच जातो.

आता सुरुवात दातांपासून आहे. मधे तिचे वडील. भगवान पण आहे, कारखान्यावरून रोज संध्याकाळी फोन करून आधी मेंढरांचं विचारतो, मग पोरींचं. तो वाईट माणूस नाही, तसं दिसायला नको. जिजाला वाचून दाखवलं. एकच चूक काढली: सरदारचं वय सहा महिन्यांनी कमी लिहिलं होतं.

सचिननं पाठवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

शेतीच्या पानाचे साहेब म्हणाले, ही बाईची गोष्ट आहे, पुरवणीला द्या. सचिननं पुरवणीला दिली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरवणीच्या वैशाली मॅडमचा बीडहून फोन, मी वाचनालयात असताना. आवाज गोड. लेख आवडला म्हणाल्या. "पण मेंढ्यांचं फार झालंय हो. आमच्या वाचक मैत्रिणींना दातांचं काय? शेतीच्या पानाला द्या. नाहीतर असं करू, आठ मार्चला नारीशक्तीच्या पानावर घेऊ, दोनशे शब्दांत."

आठ मार्च म्हणजे मुदत संपल्यावर. दोन वाजून गेलेले, सगळ्या भोवती उभ्या. मी फोनवर हात ठेवून सगळं सांगितलं, तशी रेखानं माझ्या हातातनं फोन घेतला.

"हॅलो मॅडम, वाचक मैत्रीण बोलतीय. शिवणकाम करते. चार शेळ्या हायत माझ्या. दातांचं आमाला कळतं, तुमी छापा. वड्या तीन तऱ्हेच्या छापल्या, त्या पण वाचल्याच की आमी."

मग फोन टेबलभर फिरला. एकीनं बाजारभाव पुरवणीत का नसतात विचारलं. एकीनं सांगितलं, माझ्या नवऱ्याला तुमची गुडघ्याची माहिती लई आवडते, चोरून वाचतो. जिजाच्या हातात आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मला अन् एडक्याला एका पानावर घ्या. वरती कुणाचं बी नाव टाका."

पलीकडं हसण्याचा आवाज. "बघते मी," म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आलं. शेतीच्या पानावर, वरच्या बाजूला. 'दात बघून एडका ओळखणारी जिजा'. फोटो तोच. माझं नाव खाली, बारीक. मी ते बोट ठेवून वाचलं.

पण लेख मधेच तुटलेला. वडिलांपाशी. खाली चौकट: 'उर्वरित भाग शुक्रवारी महिला पुरवणीत'. वैशाली मॅडम आणि शेतीवाले साहेब, दोघांत तडजोड झालेली दिसते.

जिजाला म्हटलं, नाव आलंय, फोटो आलाय, एवढ्यावर फॉर्म देऊन टाक. शनिवारी मुदत संपते.

"न्हाई. निम्मी न्हाई जायची मी. शुक्रवारपातूर थांबू."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठलाच पोचले, तर पायरीवर पाचजण. अण्णा पुढं. मेंढरं राखणारे दोघे, कधी वाचनालयात पाय न ठेवलेले. "पुरवणी आली का?" एवढंच विचारतात. गठ्ठा सोडायच्या आत एकानं ओढली. अण्णांनी त्याच्या हातातून घेतली आणि उभ्यानं वाचून दाखवली, मास्तरकीच्या आवाजात. बापाचं आलं ती ओळ परत वाचली, मग पुढं वाचलं.

सचिननं दोन्ही तुकडे एका मोठ्या कागदावर चिकटवून झेरॉक्स काढली. पैसे घेतले नाहीत. चार वाजता जिजानं फॉर्म दिला. घेणाऱ्या माणसानं अख्खं वाचलं म्हणे, मग म्हणाला, माझ्या मेंढीचं एक इचारायचं होतं.

८ मार्च, रविवार

पेपर गुलाबी. नावापासून खालपर्यंत. पानोपानी महिलांना शुभेच्छा, शुभेच्छा देणारे सगळे पुढारी, फोटोसह, नमस्कार केलेले. रेखानं सुट्टी असून घरी येऊन दाखवला. "दिवस आपला, फोटो त्यांचे."

गुलाबी रंग हाताला लागतो. चहाच्या कपावर बोटं उमटली दोघींची.

वैशाली मॅडमचा पण फोन. पत्रं आलीत म्हणाल्या, पुरवणीला पुरुषांची पहिल्यांदाच. पुढं काय लिहिणार विचारत होत्या. म्हटलं, विचार करते. विचार कसला, रेखानं यादी करून ठेवलीय.

२४ मार्च, मंगळवार

संस्थेनं जिजाला मुलाखतीला बीडला बोलावलं. मी सोबत. कारखान्याचा हंगाम संपला, भगवान आलाय, आज मेंढरं त्याच्याकडं. बायको दिवसभर बाहेर आणि हा रानात, असं पहिल्यांदाच.

आत तिला पाऊण तास लागला. बाहेर आली ती घामेजलेली.

"लई इचारलं. एकजण म्हणला, महिनाभर जाल, घर कोण बघंल? मी म्हणलं, भगवान. ते म्हणले, जमंल त्याला? मी म्हणलं, हे तुमी राजस्थानला गेलेल्या पुरुषांना इचारता का? तर त्यातली एक बाई हसली अन् कागदावर कायतरी लिवलं. काय लिवलं ते न्हाई दिसलं."

अजून चारजण होते मुलाखतीला, सगळे पुरुष, एकजण चांगला जाणता. निकाल पंधरा दिवसांनी.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसली. गाडी भरलेली. अर्ध्या वाटेवर भगवानचा फोन. सरदारनं सकाळपासून तोंडाला काही लावलं नाही, नुसता वाटेकडं बघत उभा.

"त्याच्या कानाला लाव फोन," जिजा म्हणाली.

"कुणाच्या?"

"सरदारच्या. लाव."

आणि ती बोलायला लागली. आधी जिभेनं टकटक, मग लांबलचक हाळी, रानात घालतात तशी, पूर्ण आवाजात. पुढच्या सीटवरचं पोर रडायचं थांबलं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता वळला.

जिजानं फोन कानाशी धरला, वाट बघितली.

"खातोय," भगवान पलीकडून म्हणाला. मलाही ऐकू आलं. "खातोय. कधी येती तू?"

"आले," जिजा म्हणाली, आणि खिडकीची काच वर सरकवली, वारं घेतलं.